अकरा दिवसांचा इशारा

बॉयलरकाकांबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकायला हवी. मी घाईची बाई आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान तळमजल्यावर आहे, एका बाजूला चष्मेवाला आणि दुसऱ्या बाजूला जिना. आत दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, पोट उघडलेली मशीनं. येणारा प्रत्येक जण आपल्या मशीनचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास सांगायला लागतो आणि मी तो अर्ध्यातच तोडते. काय होतंय तेवढं सांगा, म्हणते. बावीस वर्षं असंच चाललंय. बाई फटकळ आहे, पण हाताला गुण आहे, असं लोक म्हणतात. पूर्वी ते ऐकून मी मनातल्या मनात सुखावायचे. आता तसं होत नाही.

काका पहिल्यांदा आले ते एक जुनं मशीन विकत घ्यायला. बुटके, रुंद, उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याची गुळगुळीत चकाकी. डाव्या कानाने ऐकू येत नसल्यामुळे समोरचा बोलायला लागला की मान वळवून उजवा कान पुढे करायचे. खिशात एक लहान वही आणि पेन्सिल. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बॉयलरच्या खोलीत घामाने शाई पसरते. पेन्सिल टिकते." निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण खिशातली पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला. दर तासाला वाफेचा दाब बघायचा, काचेच्या नळीतलं पाणी बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. मशीन घेताना त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. "ताई, काही बिघडायला लागलं तर हे इशारा देतं का?" मी हसले. म्हटलं, "बंद पडतं, काका. तोच इशारा." त्यांना ते पटलं नाही. पण भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी दिलं ते मशीन एका ऑफिसने वापरून काढून टाकलेलं होतं. साफसूफ करून मी ते विकायला ठेवलं होतं. आतली डिस्कही तीच, जुनी. हेही सांगायला हवं, म्हणून सांगते.

त्यांच्या बॉयलरवर एक भोंगा होता. नळीतलं पाणी खुणेच्या खाली गेलं की तो वाजायचा. वाजला की काय करायचं ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. आधी आग बंद करायची. तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडायचं नाही. पाटीवरच्या नंबरवर इंजिनिअरला फोन करायचा. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही. आता हा भोंगा बहुतेक वेळा उगाच वाजायचा, कारण आतला तरंगता गोळा अडकायचा. दुसऱ्या पाळीच्या माणसाने कंटाळून त्याच्या तोंडात चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. काका कामावर आले की चहासुद्धा न घेता आधी त्या चिंध्या उपसून काढायचे. भोंगा वाजला की दर वेळी आग बंद, फोन, आणि इंजिनिअरच्या शिव्या. एकोणिसाव्या वर्षी एका दुपारी तो खरा वाजला. वरच्या मजल्यावर साठ माणसं कामावर होती. संध्याकाळी ती सगळी आपल्या पायांनी घरी गेली.

"तो खरा आहे हे कळलं कसं?" मी विचारलं होतं.

"नाही कळलं. दर वेळी करायचो तेच केलं. खरा का खोटा हे ठरवणं माझं काम नव्हतं, ताई. ठरवायला लागलो असतो तर त्या दिवशी चुकलो असतो."

हे मी ऐकलं होतं, माझ्या या दोन कानांनी, आणि दोन्ही कान चांगले आहेत. एवढं ऐकूनही पुढे मी जे केलं, त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचत नाही.

काका जेवढे मोजकं बोलणारे, तेवढ्या काकू बोलक्या. जिना चढताना बोलायच्या, उतरताना बोलायच्या, ऐकायला कुणी नसलं तर चष्मेवाल्याच्या दारातल्या मांजराशी बोलायच्या. आवाज किंचित जाडसर, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. रस्त्याने दोघं चालले की काकू नेहमी काकांच्या डाव्या बाजूला, बहिऱ्या कानाकडे. "म्हणून टिकलाय संसार," असं त्याच सांगायच्या आणि काका न ऐकल्यासारखं करायचे.

मग तो आवाज बसला आणि सुटेचना. तपासण्या झाल्या. गळ्यात गाठ निघाली, ती पसरलेली होती, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. पुढे श्वास मानेला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा आणि बोलणं कायमचं बंद. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात काकू एकट्याच दुकानात आल्या. "मला बोलून ठेवायचंय," म्हणाल्या. "एक शब्द सांडणार नाही असा माइक द्या." घसा इतका बसला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. त्यांची नात तेव्हा आठ महिन्यांची होती, मुलीकडे, लांबच्या शहरात. आपली आजी कशी बोलायची हे तिला कळायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी माइक दिला, लावायचा कसा ते कागदावर काढून दिलं. त्या दिवशी मी त्यांना अर्ध्यात तोडलं नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

रेकॉर्डिंगचे नियम काकूंनी ठरवले होते. काकांनी बटण दाबायचं, बाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं. नात दोन वर्षांची होईपर्यंत कुणी काही ऐकायचं नाही. मुलीला आधी पाठवायचं नाही, कारण ती रडत बसेल आणि पोरगीला आईचं रडं ऐकू येईल, आजीचा आवाज नाही. तीन आठवड्यांत सत्तावीस रेकॉर्डिंग झाली. काकांनी प्रत्येकाचं नाव वहीत उतरवून ठेवलं होतं. एक ते वीस आकडे. अंघोळीला नाही म्हणू नये म्हणून. तुझी आई लहानपणी काय करायची. अंधाराची भीती वाटली तर. सत्ताविसाव्याचं नाव होतं, तुमच्यासाठी. ते काकांसाठी होतं आणि आपण सांगू तेव्हाच ऐकायचं, असं काकूंनी बजावलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या त्या मानेवर जाळीचा रुमाल बांधून, एका हातात लहान घंटी आणि दुसऱ्या हातात लहान मुलांची असते तशी पाटी घेऊन. लिहिलं आणि वरचा पापुद्रा उचलला की अक्षरं जातात, तसली. काकांना त्या पाटीचा राग यायचा. "काहीच राहत नाही तिच्यावर," असं ते मला म्हणाले होते. तेहतीस वर्षं ज्याने तासातासाची नोंद केली, त्याच्या बायकोचं बोलणं आता लिहिलं की पुसलं जात होतं. तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या जुन्या मशीनमध्ये होतं.

त्यानंतर साधारण महिन्याने एका सकाळी काका मानेच्या छिद्राची निगा कशी राखायची ते इंटरनेटवर शोधत होते. एका पानावर गेले आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरला आहे. मशीन बंद करू नका, केल्यास सर्व फाइली नष्ट होतील. ताबडतोब खालील नंबरवर फोन करा.

हे पान म्हणजे नुसतं चित्र असतं. मशीनच्या पोटात काय आहे हे त्या पानाला कळत नाही, जसं रस्त्यावरच्या भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीला आपल्या घरातलं कळत नाही. ते कुणालाही तेच सांगतं. घाबरलेला माणूस फोन करतो आणि पलीकडे बसलेला भामटा मग त्याला हळूहळू सोलतो. माझ्याकडे महिन्याला असे चार जण येतात. काही घाबरून फोन करतात, काही एकटे असतात म्हणून करतात. काकांनी फोन केला तो या दोन्ही कारणांनी नाही. भोंगा वाजला होता, नंबर लिहिलेला होता आणि जागा सोडायची नव्हती. तेहतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. आपण सुरक्षा विभागातून बोलतोय, म्हणाला. त्याने सांगितलं ते काकांनी मशीनमध्ये घेतलं आणि मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने एक लांबलचक यादी उघडून दाखवली. कुठल्याही मशीनमध्ये असते ती रोजच्या बारीकसारीक नोंदींची यादी, पण तो म्हणाला हे सगळे व्हायरस. मग त्याने बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला. काका म्हणाले, कार्ड कपाटात आहे, पण मला जागेवरून हलता येणार नाही, तुम्ही तुमच्या इंजिनिअरला पाठवा. तो भामटा बिचारा गडबडला असणार. असलं गिऱ्हाईक त्याला आधी भेटलं नसेल.

आतून काकूंची घंटी वाजली. काका उठले नाहीत. काकू भिंतीला धरत धरत बाहेर आल्या, पाटीवर लिहिलं, कोण आहे? काकांनी पंजा दाखवला, थांब. काकूंनी लिहिलं, बंद करा. काकांनी मान हलवली. पाटी त्यांच्या तोंडासमोर धरली तरी त्यांची नजर पडद्यावरून हलेना. तेव्हा काकूंनी खाली वाकून भिंतीतला प्लगच उपटला.

काका त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. काकूंना बोलता येत नव्हतं. दिवसभर त्या घरात फक्त घड्याळ बोललं असणार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आले तर काका मशीन पंच्यात गुंडाळून पायरीवर बसलेले. चेहरा पार उतरलेला. मशीन मी चालू केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सगळं जागच्या जागी होतं, सत्तावीसच्या सत्तावीस. त्या भामट्याचा प्रोग्रॅम मी काढून टाकला, पासवर्ड बदलून दिले.

"काकूंनी वाचवलं तुम्हाला," मी म्हटलं. "ते सगळं खोटं होतं, काका."

"भोंगा वाजत होता."

"भोंगापण खोटा."

त्यांनी वही काढली. "मग पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा. क्रमाने सांगा."

दारात एक बाई प्रिंटर घेऊन उभी होती, तिच्यामागे आणखी दोघं. मी एका श्वासात सांगितलं. घाबरायचं नाही. फोन करायचा नाही. आत काही घ्यायचं नाही. पान बंद करायचं, होत नसेल तर मशीन बंद करायचं, परत चालू करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. काका लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं, इंजिनिअरला दाखवत असतील तसं, आणि मी प्रिंटरवालीकडे बघत हो म्हटलं.

"आणि सगळे इशारे खोटेच असतात?"

"सगळे खोटे, काका. मशीन घाबरवायला लागलं की समजायचं खोटं."

पेन्सिल थांबली. "मग खरा असला तर तो कसा असतो?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. खऱ्या इशाऱ्याला भोंगा नसतो. तो घाई करत नाही, फोन नंबर देत नाही, कार्ड मागत नाही. इंटरनेटच्या पानात येत नाही, मशीन स्वतः देतं, पुष्कळदा चालू होता होताच, साध्या अक्षरांत. तो दिसला की आहे तिथे थांबायचं आणि ओळखीच्या माणसाला विचारायचं. एवढं सांगायला मिनिट लागलं नसतं. मी म्हटलं, "खरा असला तर तुमच्या आधी मला कळेल." प्रिंटरवाली हसली. मीही हसले. काकांनी तेसुद्धा लिहून घेतलं.

जाताना मी आणखी एक बोलले. डिस्क जुनी आहे, या रेकॉर्डिंगची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवायला हवी. माझ्याकडच्या ड्राइव्ह संपल्यात, पुढच्या आठवड्यात येतील. आल्या की फोन करते. हेही त्यांनी लिहिलं, ताई फोन करतील. पुढच्या आठवड्यात ड्राइव्ह आल्या आणि चार दिवसांत विकल्या गेल्या. मी फोन केला नाही. विसरले. दुसरं कारण नाही, आणि शोधायला गेले तर ते बहाणाच होईल. दुसरा कुणी असता तर आठवण करायला आला असता. काका आले नाहीत, कारण फोन मी करणार होते.

नऊ आठवडे गेले. एका दुपारी त्यांचा फोन आला. मशीन चालू होत नाही आणि आतून टकटक आवाज येतोय, म्हणाले. मी म्हटलं घेऊन या. म्हणाले, काकूंना ताप आहे, एकटं सोडता येत नाही. टकटक म्हणजे डिस्क, हे मला माहीत होतं. दुकानाचं शटर ओढलं आणि गेले.

दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत काकू झोपल्या होत्या, दार पुढे केलेलं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, त्यावर धुळीचा कण नाही. आणि वर भिंतीवर एक पाटी. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत, खिळ्याला टांगलेली. इशारा आल्यास, असं शीर्षक. एक, घाबरायचं नाही. दोन, फोन करायचा नाही. तीन, आत काही घ्यायचं नाही. चार, पान बंद. पाच, न झाल्यास मशीन बंद, पुन्हा चालू. सहा, कामाला लागणे. आणि सगळ्यात खाली, लाल पेन्सिलने दोनदा अधोरेखित केलेलं, सगळे खोटे.

मी मशीन चालू केलं. टक, टक, टक आणि मग काही नाही. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते वाक्यही ठरलेलं आहे. ते सोडून मी विचारलं.

"याआधी काही दिसलं होतं का, काका? चालू करताना काही?"

"सगळं लिहिलंय," ते म्हणाले आणि टेबलाच्या खणातून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली.

लॉगबुकच होतं ते. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, इशारा, केलेली कृती, सही. पहिल्या पानांवर लाल पडदा, भोंगा, नंबर. कृती, पान बंद. पुढे, तुम्हाला बक्षीस लागले आहे. कृती, पान बंद. पुन्हा लाल पडदा, अर्धवट भोंगा. पान बंद होईना, मशीन बंद, पुन्हा चालू, ठीक. माझ्या शिकवणुकीचं सोनं केलं होतं त्यांनी. एकदाही चुकले नव्हते.

मग एक पान उलटलं. सकाळी आठ वाजून पाच. काळा पडदा, पांढरी अक्षरे. आवाज नाही. नंबर नाही. मजकूर, हार्ड डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, माहितीची प्रत ताबडतोब काढून ठेवा, पुढे जाण्यासाठी कळ दाबा. कृती, कळ दाबली. कामाला लागलो. सही. खाली दुसऱ्या दिवशीची तीच नोंद. तिसऱ्या दिवशीची. मी मोजल्या. ओळीने अकरा दिवस, अकरा सह्या. सातव्या दिवसाच्या समोर समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हा वेगळा वाटतो. ताईंना विचारावे का? आणि त्यावर एकच रेघ मारून पुढे, ताईंना आधी कळेल.

वही तशीच उघडी ठेवून मी खाली बसले.

"खरा होता?" काकांनी विचारलं. मान वळवून, उजवा कान पुढे करून.

"हो."

त्यांनी वही माझ्यासमोरून उचलली, शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवली आणि लिहिलं, इशारा खरा होता. वेळ टाकली, सही केली. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"चूक माझी आहे, काका," मी म्हटलं. "मी अर्धंच सांगितलं तुम्हाला. आणि फोन करते म्हणाले, पण केला नाही."

"तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं," ते म्हणाले. "वाचून दाखवलं. तुम्ही हो म्हणालात." आवाजात राग अजिबात नव्हता. झालं ते जसंच्या तसं सांगत होते, बस. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "पण तेहतीस वर्षांत मी एकदाही भोंग्याला खोटं म्हटलं नव्हतं, ताई."

आतून घंटी वाजली. मी उठायला लागले, काकूंना मीच सांगते म्हणून. त्यांनी पंजा दाखवला.

"मी सांगतो. पाळी माझी होती."

आतलं दार त्यांनी लावून घेतलं. बोलण्याचा आवाज आला, फक्त त्यांचाच, फार थोडा. मग पाटीचा पापुद्रा उचलल्याचा तो बारीक आवाज आला. पुन्हा आला. मी डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि न सांगता बाहेर पडले. भित्रेपणा होता तो माझा.

मेलेल्या डिस्कमधून जमेल तेवढं काढून देणारे लोक असतात. मी ती त्यांच्याकडे पाठवली. खर्चाचं काकांशी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. त्या लोकांचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत काका रोज सकाळी दुकानावरून जायचे, आत डोकवायचे नाहीत, पण चाल किंचित मंद व्हायची. मी आतून मान हलवायचे, नाही. मग ते पुढे जायचे.

सत्तावीसपैकी एक फाइल उघडत होती. तीही पूर्ण नाही, सुरुवातीचे नऊ सेकंद. मूळ नाव उरलं नव्हतं, त्या लोकांच्या यंत्राने दिलेला नुसता आकडा.

ती घेऊन मी त्यांच्याकडे गेले. जाण्याआधी दुकानात एकदा ऐकली होती आणि द्यावी की न द्यावी हे मला ठरवता येत नव्हतं. पण ठरवणं माझं काम नव्हतं. एवढं तरी मी काकांकडून शिकले होते.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, खूप वाळलेल्या, डोळे मात्र तेच. भिंतीवरची पाटी नव्हती, खिळा होता. काका काकूंच्या शेजारी स्टुलावर बसले, त्यांचा उजवा कान मशीनकडे. नवी डिस्क मशीनला बसवून मी ती फाइल लावली.

आधी थोडी खरखर. मग काकांचा आवाज, जवळून, मोठा. "हं. सुरू झालंय. मी बाहेर बसतो." पावलं. दार लागल्याचा आवाज. मग एक श्वास, आत घेतलेला. माणूस बोलायच्या आधी घेतो तसा, नाकातोंडाने, पूर्वीसारखा. आणि संपलं.



"ही कुठली?" काकांनी काकूंना विचारलं. "सत्तावीसपैकी कुठली ही?"

काकूंनी पाटी घेतली. थोडा वेळ लेखणी तशीच धरून ठेवली. मग लिहिलं, आठवत नाही. मला वाटतं त्यांना आठवत होतं. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि खिशातली वहीही काढली नाही.

काकूंनी पापुद्रा उचलला आणि पुन्हा लिहिलं. पाटी आधी मला दाखवली, मग काकांना. तुमचा आवाज छान आलाय.

काकांचा चेहरा मला बघवला नाही. मी उगाच वायर नीट करत बसले. काकूंनी पाटीवर टिचकी मारून माझं लक्ष वेधलं. लिहिलं होतं, परत लावा.

मी परत लावलं. मग पुन्हा एकदा. दर वेळी काकांचं बोलणं, पावलं, दार. आणि तो श्वास आला की काका स्टुलावरून पुढे झुकायचे, आता ती बोलेल म्हणून. चौथ्या वेळेनंतर काकूंनी त्यांच्या भाजलेल्या हातावर आपला हात ठेवला आणि मी मशीन बंद केलं.